पोपटांच्या माडीतले दोन ठोके

॥ श्रीचिंतामणी प्रसन्न ॥

कळंब, ११ जानेवारी १९६२

अमऱ्या,

वर देवाचं नाव बापूजीनं आपल्या मनानं लिहिलं. मी म्हटलं, त्याच्याखाली आमच्या बंजाऱ्याच्या देवाचं, सेवाभायाचंही लिहा, तं म्हणते, कागदाचा माथा भरला. माणूस कचेरीतून पेन्शनीत निघाला, कचेरी काही माणसातून निघाली नाही. एका पत्राले अंबाडीची एक जुडी ठरली आहे. त्याले सांगितलं, जसं बोलते तसंच लिहा. माझ्या बोलण्याले इस्त्री केली तं अर्धीच जुडी भेटन.

तुझं पत्र भेटलं. साहेबानं तुले नागपुरातल्या जुन्या घराच्या यादीवर लावलं म्हणतो. कोणतं घर पडायले झालं ते पाहायचं, दारावर लाल कागद डकवायचा, माणसं बाहेर काढायची, मग घर पाडायचं. वा रे माझ्या लेका! सात पिढ्या बैलाच्या पाठीवर घर घेऊन हिंडलो, कोणाच्या नावावर एक भिंत नाही. अन् बंजाऱ्याच्या पोरानं पहिली सरकारी नोकरी धरली ती घर पाडायची! तुझा बाप देवसिंग तं तांडाभर साखर वाटून आला. काय काम करते ते कोणी विचारलं नाही म्हणून वाचला.

त्या यादीत तू लिहिलं, महाल भागातली पोपटांची माडी. बापूजी वाचत पुढं निघून गेले. मी म्हटलं, थांबा, मागं या. सज्जाखाली लाकडाचे पोपट आहेत काय? एकाची चोच तुटकी आहे काय? बापूजी म्हणते, चोचीचं काही लिहिलं नाही. मी सांगते, तुटकी आहे. माझ्या डोळ्यासमोर सुताराच्या हातून तुटली अन् त्यानं मेण लावून बसवली.

आता ऐक. तुझा आजा धावजी त्या घरात गेला, तो परत निघाला नाही. छपन्या दुष्काळाचं वर्ष. रेलगाडीनं आपली बैलावर माल वाहायची लदणी आधीच मारली होती, बैल दुष्काळानं मारले. उरलेले अकरा बैल घेऊन आपला तांडा नागपूरले चुना वाहायले गेलता. मी अठरा वर्षाची, तुझा बाप पोटात. पावसाच्या तोंडी तांडा परतला. धावजीले मुकादमानं कामासाठी थांबवून घेतलं. त्यानंतर त्याचं तोंड आपल्यातल्या कोणी पाह्यलं नाही. जुने लोक म्हणत, मोठं घर उभं राहायले पाया भरताना त्यात माणूस गाडावा लागते. तांड्यात हेच सांगत आलो, धावजीले पायात घातला.

आता माझ्या दंडाकडे पाहा. तू तिथं आहेस, आठवून पाहा. पांढरा चुडो. नवरा मेला की आपल्यात उतरवते. नायकानं सांगितलं, हाडं पाह्यल्याबिगर उतरवायचा नाही. बासष्ट वर्षं चढलेला आहे. मी ना सवाशीण, ना विधवा. लग्नाघरी मले कोणत्या रांगेत बसवावं हे पोरींले समजत नाही, म्हणून मी चुलीपाशीच बसते. तिथं जेवण आधी भेटते.

तं घर पाडशील तेव्हा पाया पाहजो. पाया तं पाहजोच, पण त्याच्या आधी घरात कोणी जुनं माणूस उरलं असन त्याले चार गोष्टी विचारजो. मी चुडो घेऊन जळू का उतरवून जळू, एवढं मले जिवंतपणी कळू दे. माझं दुसरं काही मागणं नाही. आंगाले लावायचं तेल संपलं आहे, पण ते मागणं नाही.

तुझी दादी
सुखीबाई धावजी, भीमसिंग नायकाचा तांडा
(अंगठा बाईंचा, अक्षर बापूजींचे.)


नागपूर, २४ जानेवारी १९६२

दादी,

पाया पडतो.

लहानपणी मी विचारायचो, आजा कुठे आहे? तू म्हणायचीस, "चुना आणायले गेला." मला वाटायचं, थट्टा करतेस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी शिडी घेऊन माडीवर गेलो. उजवीकडून तिसरा पोपट. चोचीच्या बुडाशी बोट फिरवलं, नखाला मेण लागलं. 

घर तीन मजल्यांचं आहे. एकेकाळी या गल्लीत अशी नऊ घरं होती, आता चार आहेत. राजधानी मुंबईला गेली, मोठे लोक बंगल्यांत राहायला गेले, आणि या घरांच्या वारसांपैकी कोणी इंदूरला, कोणी पुण्याला. दुरुस्ती कोणी करायची हे ठरता ठरता पिंपळच भिंतीतून वर आला. तिसऱ्या मजल्यावर नुसती कबुतरं. सागवानी खांबांना भाडेकऱ्यांनी धुणी वाळत घालायला बांधलेल्या दोऱ्या अजून लोंबताहेत. जिन्याच्या पाच पायऱ्या नाहीत. तिथे मी भिंतीला धरून चढतो. मी आलो तेव्हा म्हटलं होतं, जुना कचरा आहे, जाऊ द्यावा. आता तितक्या सहज म्हणवत नाही.

भाडेकरू एकेक करून सगळे गेले. एकट्या रत्नप्रभाबाई उरल्या आहेत, घरमालकांच्या धाकट्या सूनबाई, आज पासष्टीच्या. मी लाल कागद डकवला की त्या तो काढून त्यावर पापड वाळत घालतात. मला म्हणाल्या, "ओवरसियर, तुमच्या खात्याचा कागद जाड असतो. आणखी चार आणा."

मधल्या दालनात एक भिंत आहे. सगळ्या घराचा गिलावा सुटला, तिच्यावर चीर नाही. चुन्याची आहे, पण आरशासारखी, तोंड दिसतं. आणि भाडेकरू गेले ते माझ्या कागदामुळे नव्हे, त्या भिंतीमुळे गेले. भर दुपारी बाराच्या सुमारास तिच्यातून आवाज येतो. मी हसलो होतो. उन्हानं लाकूड ताणतं, मी पुस्तकात शिकलो आहे. मग परवा मी स्वतः दालनात उभा होतो. दोन ठोके. लाकडाचा आवाज नव्हता, दगडाचा. आणि त्यानंतर इतकी शांतता, की पलीकडे कोणी कान देऊन उत्तराची वाट पाहतंय असं वाटलं. मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. कोणी नाही.

भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात एक गुळगुळीत दगड आणि तंबाखूची चिमूट. रत्नप्रभाबाई रोज ताजी ठेवतात. का, ते सांगत नाहीत. "आधी तुम्ही कोणाचे ते सांगा," म्हणतात.

साहेब म्हणतात, पावसाळ्याआधी घर उतरवायचं. ती भिंत कशी केली असेल, तुला माहीत आहे का?

तुझा
अमरसिंग


कळंब, ६ फेब्रुवारी १९६२

अमऱ्या,

भिंत कशी केली म्हणून मलेच विचारतो? अरे, माझ्या हातानं केली!

चुना भिजवून एकवीस दिवस ठेवायचा. मग बैल जुंपलेल्या घाण्यात दळायचा, दळताना गुळाचं पाणी, बेलाचा गर, हिरड्याचं पाणी. मुकादम जीभ लावून पाहे. एकदा म्या त्यात तिखट टाकलं होतं, ते राहू दे. मग भिंतीवर पातळ थर द्यायचा अन् गोट्यासारख्या दगडानं घोटायचा. त्या दगडाले घोटा म्हणत. एका हातरुंद जागेले एक दिवस. घोटता घोटता आधी आपली सावली दिसते, मग कपाळ, मग डोळे. ज्या दिवशी डोळे दिसले त्या दिवशी काम झालं समजायचं. माझे तिथं दिसले तेव्हा मी पाह्यलं, दुष्काळानं किती खोल गेले होते. तोवर आरसा कोणी पाह्यला होता!

आमच्या बायांच्या हाताचं कातडं चुन्यानं जाये. राती तेल नव्हतं, म्हणून मालकाच्या दिव्यातलं पुसून घेत असू. सकाळी मालक म्हणे, दिवा लवकर विझते.

ठोक्याचं म्हणशील तं उंदीर असन. घूस असन. तू शिकलेला आहे, तुले भेव लागलं म्हणून तांड्यात सांगू का? नाही सांगत. आंगाचं तेल पाठव.

त्या बाईले सांग, मी सुखीबाईचा नातू आहे. बस, एवढंच सांग. अन् बाई काय म्हणते ते सगळं लिहून पाठव, तुकडा न तोडता.

तंबाखू मात्र चांगली ठेवा म्हणा. चिमटीभर देऊन काय होते!

सुखीबाई

चि. अमरसिंगास बापूजीचे आशीर्वाद. बाईंना न सांगता चार ओळी लिहितो. तुझ्या पत्रातील 'दोन ठोके' ही ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचवून घेतली. नंतर उठल्या आणि पिशवी, काठी, दोन्ही ओट्यावर विसरून चालू लागल्या. मी हाका मारल्या, वळल्या नाहीत. उंदरांचे त्यांना इतके वाटावे असे दिसत नाही.

(हे पाहा अमऱ्या, मले अक्षर येत नाही, पण मी बोलायची थांबल्यावरही टाक चालत राह्यला तेवढं दिसते. बापूजीनं काय लिहिलं ते खोटं आहे. हेही तुम्हीच लिहा बापूजी, पुरं.)


नागपूर, १ मार्च १९६२

दादी,

पाया पडतो.

तुझं काम झालं. मागच्या बाजूचा पाया उघडला. चार हात खाली माणसाची हाडं निघाली आणि उजव्या हाताच्या हाडाशी चांदीचं कडं. ते आजोबांचंच असणार. मी त्यांना रीतीनं अग्नी दिला, राख नदीत सोडली. आता तू सुखानं चुडो उतरव. मनात काही ठेवू नकोस. तेल पाठवलं आहे.

तुझा
अमरसिंग

(हे दुसरे पान फक्त बापूजींसाठी. कृपया दादीला वाचून दाखवू नये.)

बापूजी,

वरचं सगळं खोटं आहे. पाया मी उघडलाच नाही. खरं तुमच्याजवळ सांगतो, कारण कोणाजवळ तरी सांगितलं पाहिजे.

मी सुखीबाईचा नातू, असं म्हटल्यावर रत्नप्रभाबाईंनी हातातली तंबाखूची पुडी खाली ठेवली. म्हणाल्या, "ती तर छपन्याच्या दुष्काळातच मेली ना?"

धावजी पायात गेला नव्हता. एकतीस साली, साधा ताप येऊन, याच घराच्या देवडीत वारला. तोवर एकतीस वर्षं तो इथला चौकीदार होता. रत्नप्रभाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा बारा वर्षांच्या, माहेरच्या आठवणीनं रडायच्या तर तो त्यांना त्या भिंतीपाशी नेऊन म्हणे, "पाहा, माझ्या सुखीनं घोटली. हिच्यात तोंड पाहिलं की रडू थांबते."

कामाच्या वेळी तो दालनाच्या अंगानं घोटायचा आणि दादी मागच्या खोलीच्या अंगानं. बारा वाजले की तो घोट्यानं दोनदा ठोकायचा, म्हणजे भाकरीची वेळ झाली. पलीकडून ती दोनदा ठोकायची. तांडा गेल्यावरही तो रोज बारा वाजता ठोकत राहिला, एकतीस वर्षं. तो वारला, आणि चौदाव्या दिवसापासून भिंत पुन्हा ठोकू लागली. म्हणून बाई तंबाखू ठेवतात. म्हणतात, "उत्तर देणं माझं काम नव्हतं. मी काय देणार? तंबाखू दिली."

तो गावी का गेला नाही, हे विचाराल. गेला होता. त्याच वर्षी दिवाळीला, चाळीस कोस पायी, तांड्याच्या नेहमीच्या मुक्कामावर. तिथे जळालेल्या झोपड्या होत्या आणि दगडांचे ढीग. पटकी लागली होती. बंजाऱ्यांची रीत अशी की तांडा हलला की मागून येणाऱ्यासाठी वाटेवर पळसाची फांदी मोडून टाकतात. फांदीचं टोक जिकडे, तिकडे तांडा. त्यानं तीन दिवस चारही वाटा पाहिल्या. फांदी कुठेच नव्हती. तो समजला, मोडायला कोणी उरलंच नाही. परत येऊन त्यानं देवडीत घोंगडी टाकली.

हे मी दादीला कसं सांगू? तो आला होता, आणि एका फांदीसाठी परत गेला, हे? त्यापेक्षा हाडं बरी. तुम्हीच सांगा, मी चुकलो का?

अमरसिंग


कळंब, १४ मार्च १९६२

अमऱ्या,

तुले घर पाडता येत असन, खोटं बांधता येत नाही.

कडं कोठून आणलं? तांड्यातले सगळे म्हातारे घालते म्हणून तुले वाटलं धावजीच्याही हातात असन. अरे, ते कडं त्याच साली यवतमाळच्या बाजारात विकून आम्ही ज्वारी घेतली. त्याच ज्वारीवर तुझा बाप पोटात वाढला. धावजीचे हात उघडेच होते.

दुसरं. आम्ही त्या घरी गेलतो तेव्हा पाया भरून, तीन मजले चढून, वर कौलं पडली होती. आम्ही चुना वाहायले अन् घोटायले गेलतो. पायात माणूस घालायचा तं पाया उघडा पाहिजे ना बाप्पा! इतका शिकला, खात्यात लागला, अन् घर कोणत्या बाजूनं सुरू होते ते तुले ठाऊक नाही?

मग दादीनं काहून पायाची गोष्ट सांगितली, असं विचारशील. सांगते. तो आला नाही. एक वर्ष, दोन वर्षं, सात वर्षं. भीमसिंगाचा बाप तेव्हा नायक होता. तो म्हणे, कोणाले तरी नागपूरले पाठवून पाहू. मी नको म्हटलं. माणूस जाईल अन् धावजी जिवंत निघाला तं? दुसरी बायको करून बसला असला तं? मेलेला नवरा चालते, टाकून गेलेला कोणाच्या घरी चालत नाही. म्हणून ती पायाची गोष्ट मीच काढली. पायातल्या माणसाले शोधायले कोणी जात नाही. तुलेही पाया पाहा म्हटलं ते निमित्त होतं. त्या घरात तू दोन गोष्टी विचारशील, एवढंच पाहिजे होतं मले.

अन् तिसरं. तुझं एक पान वाचून झालं तरी बापूजीचे डोळे दुसऱ्या पानावर खाली खाली जात होते, तोंड बंद. मग चष्मा पुसला. पस्तीस वर्षं सरकारचे कागद वाचलेला माणूस कागद वाचून चष्मा पुसते काय? ते पान त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. ते वाचल्याबिगर मी ओट्यावरून उठत नाही. मी बसली आहे. लिहा, बसली आहे.

(येथे बाईंच्या हट्टावरून दुसरे पान वाचावे लागले. वाचून झाल्यावर त्या ओट्याच्या खांबाला पाठ लावून बसल्या. मी टाक खाली ठेवला होता. उन्हाची तिरीप पायरीवरून सरकून अंगणात गेली, तेव्हा म्हणाल्या, "उचला." — बापूजी)

आला होता.

अमऱ्या, तो आला होता. चाळीस कोस. दिवाळीले.

आता तू जे झाकलं त्याच्याखालचं मी काढून देते. पटकीत फांदी मोडत नाही. रोग मागून येते म्हणते, त्याले वाट दाखवायची नाही. झोपड्या जाळायच्या, मागं पाहायचं नाही, खूण ठेवायची नाही. हे धावजीलेही माहीत होतं. पण जिवाच्या माणसाले कोणी तरी चोरून फांदी टाकतेच, हेही माहीत होतं. तो तीच शोधत होता. माझी.

मी मोडली होती. पळसाची, हातभर. सगळे पुढं गेले अन् मी मागं राह्यली. टाकायले वाकली अन् पोटात तुझा बाप हलला. पहिल्यांदा हलला, अमऱ्या. मले वाटलं, रोग आला तं हा जाईल. मी ती फांदी नाल्यात फेकली.

हे मी कोणाले सांगितलं नाही. देवसिंगाले तं नाहीच. त्याले काय सांगू, तुझ्यासाठी तुझा बाप नाल्यात फेकला म्हणून? बापूजीनं हे लिहिलं. कोणाले सांगणार नाही अशी त्याच्याकडून शपथ घेतली आहे.

रागावली नाही तुझ्यावर. तू दादीले वाचवत होता, मी माझ्या लेकराले वाचवत होती. आपल्या घरात ही रीतच पडली. पण तुले एक सांगते. बासष्ट वर्षं मी एकच गोष्ट देवाले विचारत आली, आला का नाही आला. तेवढंच तू खिशात घालून ठेवलं होतं.

आता काम सांगते. बारा वाजता जाजो. दालनाच्या अंगानं नाही, मागच्या खोलीच्या अंगानं. ती माझी बाजू. कोनाड्यातला घोटा घे. त्यानं दोनदा ठोकलं की तू दोनदा ठोक. जास्त नाही. त्याले वाटन मी रागावली आहे.

सुखीबाई


नागपूर, ३ एप्रिल १९६२

दादी,

पाया पडतो. क्षमा कर.

मी गेलो. रत्नप्रभाबाई दालनात उभ्या राहिल्या, मी मागच्या खोलीत. बाराचा भोंगा झाला. पलीकडून ठोके आले, दोन. माझा हात उचलेना. बाई तिकडून ओरडल्या, "अहो ओवरसियर, बासष्ट वर्षं झाली, आणखी किती थांबवता?" मग मी ठोकलं. दोनदा. जास्त नाही.

पलीकडून काही आलं नाही. पण ती आधीची शांतता नव्हती. भाकरी समोर आली की माणसं जशी गप्प होतात, तशी होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही दोघं पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशीही. आज नववा दिवस. भिंत बोलली नाही. कोनाड्यातली तंबाखू जशीच्या तशी, वाळून गेली. रत्नप्रभाबाईंनी काल आपणहून पेटी भरली. म्हणाल्या, "राखण संपली. आता मी कोणासाठी भांडू?"

मी मात्र भांडलो. प्रत्येक खांब, प्रत्येक पोपट मोजून कागदावर उतरवला. अहवालात लिहिलं, ही भिंत आमच्या नव्या कचेरीच्या भिंतीपेक्षा मजबूत आहे, निदान एवढं दालन ठेवावं. साहेब म्हणाले, "अमरसिंग, भिंतीला छप्पर लागतं, छपराला मालक लागतो. मालक आणा." मालक अकरा आहेत, एकही येत नाही. पंधरा मेला उतरवायला सुरुवात होईल.

तुला काय आणू?

अमरसिंग


कळंब, १२ एप्रिल १९६२

अमऱ्या,

चुडो उतरवला. तांड्यातल्या बाया रडायले जमल्या होत्या. रडायचं कसं ते त्यांले समजेना, कारण माणूस जाऊन एकतीस वर्षं झाली. मीच म्हटलं, बायांनो, तीस-एकतीस वर्षं मी तुम्हाले फसवून सवाशिणीचा चुडो मिरवला, त्याच्यासाठी रडा. दंडावर चुडोखालचं कातडं गोरं निघालं, अठरा वर्षाच्या पोरीचं. पाहून मीच लाजली.

देवसिंगाले फांदीचं सांगितलं. बापूजीले घातलेली शपथ मीच मोडली. तो उठला. वावराच्या धुऱ्यावर गेला अन् पळसाची फांदी मोडून आणली. दाराशी टाकली, टोक आत करून.

त्या बाईले पेटीसगट इकडे पाठव. तिनं इतकी वर्षं माझ्या नवऱ्याले तंबाखू दिली. माझ्या चुलीवर तिची भाकर होईल. भांडायले कोणी पाहिजे म्हणत असन तं म्हणा, बापूजी आहे.

काय आणू म्हणतो. पोपट आण, तुटक्या चोचीचा. घोटा आण. अन् घर उतरवशील तेव्हा तुझ्या मजुरांले सांग, माझ्या अंगाकडून त्या भिंतीचा हातभर तुकडा अलगद काढा. मधात फोडला तं तुझी खैर नाही.

सांगते कायले ते. बारा वाजले की माझा हात आता आपोआप उठते. पण आमची भिंत कुडाची, वरून शेणामातीची. तिच्यावर ठोकलं तं आवाजच होत नाही बाप्पा. तो तुकडा माझ्या कुडात बसवून दे.

त्यानं बासष्ट वर्षं ठोकलं. आता ठोकायची पाळी माझी.

सुखीबाई